बनसोडेदादांची उजवी बाजू

जर्मनीतल्या आमच्या डार्मश्टाटमध्ये उलट्या दिशेने येणाऱ्या सायकलवाल्यांना अडवून मागे पाठवणारे दोघेच. एक पोलिस आणि दुसरे आमच्या वरच्या मजल्यावरचे बनसोडेदादा. पोलिस निदान युनिफॉर्म घालून येतो. दादा ब्रेडची पिशवी हातात घेऊन मध्येच उभे राहतात आणि म्हणतात, "आल्झो, फाल्शे रिश्टुंग." म्हणजे दिशा चुकली, वळा. आणि लोक खरंच वळतात.

दादा मूळचे परभणीचे, मेकॅनिकल इंजिनियर, पन्नाशीचे, एकटे. घराजवळच्या तळ्याला रोज सकाळी तीन फेऱ्या मारतात, तळं उजव्या हाताला ठेवूनच. मी एकदा विचारलं, दुसऱ्या बाजूने गेलं तर काय होतं? "स्तूपाला असंच फिरतात ताई. तळ्यानं काय घोडं मारलंय?" तुम्ही तर कर्मकांड मानत नाही, असं चिडवलं की उत्तर तयार. "हे कर्मकांड नाही. ही ऑर्डनुंग आहे. शिस्त."

तर ह्या माणसाबरोबर दोन हजार सहाच्या सप्टेंबरात आम्ही चीनला गेलो. सिचुआनचे डोंगर, हिरवीनिळी तळी, तिबेटी गावं, दहा दिवस. आमच्या ह्यांना नवा हँडीकॅम वापरायचा होता, मला सुट्टी हवी होती. दादांचं कारण वेगळं होतं, ते त्यांनी निघायच्या आदल्या आठवड्यात चहा पिताना सांगितलं.

परभणीच्या घरात स्वयंपाकाच्या ओट्यावर औषधाच्या दुकानाचं एक कॅलेंडर होतं. वर्ष संपलं तरी आईने ते काढलं नाही. चित्रात बर्फाचा डोंगर आणि सोनेरी छपराचा विहार. "कुठंशी हाय रं हे?" आई विचारायची. दादा म्हणायचे, नेतो तुला. मग इकडची नोकरी, मग हे प्रोजेक्ट, मग ते. आईचा पासपोर्ट तेवढा निघाला. ती गेली तेव्हा दादा पोचले तिसऱ्या दिवशी.

"सिचुआनमधल्या त्या विहाराला तिच्या नावानं तीन फेऱ्या घालायच्यात," ते म्हणाले. "उशीर तर केलाच. आता हे तरी बिनचूक झालं पाहिजे." मी चहात साखर ढवळत बसले.

प्रवासात गोंधळ पहिल्या दिवसापासूनच. उंचीमुळे माझं डोकं ठणकत होतं, ह्यांचा हँडीकॅम थंडीने बंद पडायचा. पहिल्या देवळात लाल तोंडाच्या, दात विचकलेल्या, कवट्यांची माळ घातलेल्या मूर्ती बघून दादा चक्रावले. "ताई, हे आपलंच का?" दर दहा मिनिटांनी तोच प्रश्न. आमची गाईड बाई चिनी, बोलायची जर्मन, आणि एवढं भराभर की मला दर तिसरं वाक्य कळायचं. दादा तर ऐकतच नव्हते. ते ऑर्डनर, म्हणजे प्रवासाच्या कागदांची जाडजूड फाईल, उघडून नकाशात सोनेरी छप्पर शोधत होते.

पाचव्या दिवशी ते सापडलं. मागे बर्फ, पुढे छप्पर, भिंतीभोवती हाताने फिरवायच्या प्रार्थनाचक्रांची रांग. हुबेहूब ते चित्र, दादा म्हणाले, आणि त्यांनी बूट पुसले. आणि वळून बघतात तो काय, वीस-पंचवीस म्हाताऱ्या देऊळ डाव्या हाताला ठेवून फिरतायत. उलट्या.

दादांनी हात आडवा केला. "फाल्श. फाल्शे रिश्टुंग." मग मराठीत, "अहो आजी, इकडून." एक बिचारी पाहुण्याचा मान राखायला वळली, मागची तिच्यावर आदळली, पाचव्या मिनिटाला त्या देवळाभोवती चक्का जाम. आमचे हे शूटिंग करतायत. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

गाईड धावत आली. हे लोक बौद्ध नाहीत, बोन पंथाचे आहेत, ह्यांची रीतच उलटी आहे, हे तिने कालच बसमध्ये सांगितलं होतं म्हणे.

दादांचा हात खाली आला. चेहरा पार उतरला. "म्हणजे मी आता कुठून फिरू?" स्वतःच्या बाजूने फिरावं तर इथे चूक, इथल्या बाजूने फिरावं तर आयुष्यभर ज्याला चूक म्हटलं ते. सकाळी बस पुढे जाणार होती, आणि कॅलेंडरवरचा विहार तर हाच. पाढा विसरलेल्या पोरासारखा तो माणूस तिथे उभा राहिला.

मघाशी वळलेली म्हातारी परत आली. तिने काही विचारलं नाही. दादांचं मनगट धरलं आणि चालू लागली, तिच्या बाजूने. दादा ओढले गेले. एक फेरी, दुसरी, तिसरी. ती तिचं काहीतरी पुटपुटत होती, दादा "बुद्धं सरणं गच्छामि" म्हणत होते. शेवटी तिने पिशवीतून सातूचं पीठ काढून त्यांच्या मुठीत कोंबलं आणि गेली.

बसमध्ये दादांनी ऑर्डनर उघडला नाही. मला म्हणाले, "ताई, उलट्या बाजूनं घातल्या. आईला चालेल का हो?"

"चालेल," मी म्हटलं.

"तिनं मनगट सोडलंच नाही. आई बाजारात असंच धरायची. हात धरला तर निसटतोस, म्हणायची." मग म्हणाले, "निसटलोच की."

परत आल्यावरच्या रविवारी मी तळ्यावर गेले. समोरून दादा येत होते, तळं डाव्या हाताला. सायकलवाले जात होते, कोणालाच ते अडवत नव्हते. उजव्या हाताने त्यांनी स्वतःचंच डावं मनगट घट्ट धरलं होतं.

मी माझी बाजू सोडली आणि वळून त्यांच्याबरोबर चालायला लागले.