गल्लीले तोंड पायजे

उत्तमकाका कुठल्याही नव्या ठिकाणी गेले की आधी डोळे मिटतात. लग्नघर असो, तहसील असो, दवाखाना असो. दारात उभं राहायचं, डोळे मिटायचे, मान जराशी डावीकडे कलती करायची आणि ऐकायचं. मागून येणाऱ्यांचा रस्ता अडतो. लोकांना वाटतं, माणसाला भोवळ आली. एकदा रिसोडच्या बसस्थानकात एका भल्या प्रवाशानं त्यांच्या नाकाला कांदा लावला. काका डोळे न उघडता म्हणाले, "कांदा बाजूले घे बावा. बसले टाइम हाय का नाही ते आयकून राह्यलो."

"मंग खिडकीवर इचारा ना."

"इचारलं तं तो सांगते. नाही इचारलं तं खरं समजते."

आमच्या मानोरा गावात काकांची साउंड सर्व्हिस आहे. म्हणजे दोन जुने भोंगे, एक अॅम्प्लिफायर, स्पीकरचा एक लाकडी खोका आणि एक माइक, जो काकांशिवाय कोणी हातात घेतला की खरखरतो. डीजे आल्यापासून लग्नं गेली. उरली भाषणं, हरवलेल्या म्हशी आणि लसीकरणाच्या सूचना. काकांना त्याचं दुःख नाही. "डीजेचा आवाज छातीत जाते, भोंग्याचा कानात. भाषण काय छातीनं आयकता येते?"

काकांचं आडनाव मी मुद्दाम सांगत नाही. ते का, हे पुढे येईल. शिवाय माणूस कळायला आडनाव लागतं असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी मी लिहीत नाही.

माझं आणि काकांचं जुनं भांडण आहे. आमचं घर त्यांच्या शेजारचं. माझे वडील चळवळीतले, घरात भांड्यांपेक्षा पत्रकं जास्त. मी अक्षरं शिकलो ती पत्रकांवरून आणि मोठा होऊन पत्रकंच लिहायला लागलो. काका मला नावानं हाक मारत नाहीत. "ए पत्रकवाले!" म्हणतात. "तुमचं पत्रक लोक भज्याखाली घेतात. माह्या भोंग्यावर कोणी भजे ठेवून दाखवावं."

आवाजावरून काका माणसं ओळखतात, घरंही ओळखतात. इंझोरीला एका नात्यातल्या मुलीसाठी स्थळ पाहायला गेले. घर चांगलं, शेत चांगलं, मुलगा नोकरीवर. पोहे खाऊन परत निघाले आणि रस्त्यातच नकार दिला. सगळे चिडले. काका म्हणाले, "सासू बोलली का आतले भांडे वाजाचे थांबतात. दोनदा पाह्यलं. ज्या घरात भांडेही भेतात, तिथं पोरगी देऊ नोको."

त्या मुलीचं पुढे दुसरीकडे लग्न झालं. आता तिचा आवाज तिच्या सासूला ऐकावा लागतो, असं काका अभिमानानं सांगतात.

काकांची एकुलती एक मुलगी करुणा. काकू गेल्यापासून घरात दोघंच. बोलणं कमी, ऐकणं जास्त. करुणा अॅम्प्लिफायर उघडून दुरुस्त करते, पाना तोंडात धरून शिडीवर चढते आणि स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. या उन्हाळ्यात तिनं ठरवलं, दोन महिने पुण्याला जायचं आणि वर्ग करायचा. सोमवारी वर्ग सुरू होणार. मी तेव्हा पुण्यातच एका छापखान्यात काम करत होतो, म्हणून काकांचा फोन मला आला.

"पुण्यात गल्ल्या कश्या हायेत बे?"

"चांगल्या हायेत. एकदम शांत."

"मंग नोको."

फोनमागून करुणाचा आवाज आला, "बाबा, मले अभ्यास करायचा हाय. लगन नाही लावायचं!"

शनिवारी सकाळी दोघं ट्रॅव्हल्समधून उतरली. करुणाच्या पाठीवर पुस्तकांची बॅग आणि काकांच्या हातात पितळेचा गडवा. पाण्यासाठी असेल असं मला वाटलं. बाटल्या मिळतात काका, असंही मी म्हणालो. काका हसले. गडव्यात पाणी नव्हतं.

मी पूर्ण तयारी केली होती. वर्गापासून किती लांब, अभ्यासिका कुठे, बस कुठली, मुलींसाठी सुरक्षित काय. पहिली खोली एका बंद फाटकाच्या वसाहतीत होती. झाडं, सावली, पाखरं. फाटकावर पाटी: शांतता राखा. करुणाचा चेहरा खुलला. काकांनी जिन्यात उभं राहून डोळे मिटले.

बराच वेळ गेला.

"काही आयकू येते?" त्यांनी मला विचारलं.

"नाही."

"मलेही नाही." आणि त्यांनी हातातला गडवा सोडून दिला.

टण्ण! टण्ण! टण्ण! गडवा पायऱ्या उतरत खाली गेला. मी दचकलो. करुणा दचकली नाही. तिनं फक्त कपाळाला हात लावला. काका मात्र वर बघत उभे होते. एका खिडकीचा पडदा हलला आणि पुन्हा जागेवर आला. दार एकही उघडलं नाही.

"चाल," काका गडवा उचलत म्हणाले. "इथं माणूस पडला तं चार दिवसांनी वासावरून समजन."

"बाबा, लोकांयले आपापली कामं राह्यतात."

"काम हाताले राह्यते बाई, कानाले काय काम हाय? गल्लीले तोंड पायजे. मुकी गल्ली नोको."

दुसरी खोली एका आजीबाईंच्या घरात, मागच्या अंगाला. स्वच्छ, हवेशीर, खिडकीत तुळस. बाई गोड बोलल्या. सरबत विचारलं. आणि मग त्या प्रश्नावर आल्या, ज्याच्यावर मी आजवर तीन पत्रकं लिहिली आहेत.

"आपलं आडनाव?"

माझं रक्त तापलं. खोली विटांची असते, भाडं नोटांचं असतं, आडनाव त्यात कुठे बसतं? मी तोंड उघडलं. काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"आमी भोंगेवाले जी," ते म्हणाले.

"नाही, तो व्यवसाय झाला. आडनाव?"

"तेच समजा."

"म्हणजे तुमच्यात… म्हणजे घरात मांसाहार वगैरे?"

"भोंगा शुद्ध शाकाहारी हाय. मी नाही."

बाई थोड्या मागे सरकल्या. म्हणाल्या, त्यांना स्वतःला काही नाही हो, पण मुलाला विचारावं लागेल. आमच्याकडे हे 'मुलाला विचारून सांगतो' म्हणजे काय, हे बारशापासून ठाऊक असतं. काका मात्र शांत होते. त्यांनी उलट चौकशी सुरू केली. मुलगा कुठे असतो? परदेशात. सून? तीही. मग घरात तुमच्याशी बोलतं कोण? बाई म्हणाल्या, टीव्ही.

काकांनी तिथे गडवा टाकला नाही. बाहेर आल्यावर मी रस्त्यातच भाषण सुरू केलं. घटना, कलम, अपमान, सगळं. काकांनी ते पूर्ण ऐकून घेतलं.

"खरं हाय तुहं," ते म्हणाले. "पत्रक काढ. मी भोंग्यावर वाचतो. पण त्या बाईच्या घरात घड्याळ किती मोठ्यानं वाजून राह्यलं होतं, आयकलं का तू? घड्याळ मोठ्यानं वाजते म्हणजे तिथं दुसरं काहीच वाजत नाही. लोकांयले बाहेर अडवून ठेवते ते बाई, आन् मंग स्वतःच आत अडकून बसते."

भाषण मी तिथेच आवरलं. राग मात्र सोडला नाही, आजही सोडलेला नाही. ते पत्रक निघालं आणि काकांनी ते वाचलंही.

दुपारपर्यंत आम्ही आणखी खोल्या पाहिल्या. एकीत काकांना पंपाचा आवाज आवडला नाही, दुसरीत मालकाचा. करुणाचा धीर सुटला. ती एका टपरीजवळच्या बाकावर बसली आणि म्हणाली, "सोमवारी वर्ग हाय. तुमी काय शोधून राह्यले ते एकदा सांगून टाका. मले इथं राहू द्याचं नसन तं तसं म्हणा."

काकांनी गडवा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. मग त्यांची मान हळूच डावीकडे कलली. डोळे मिटले.

"इकडून," ते म्हणाले आणि चालायला लागले.

गल्ली अरुंद होती. तळाला पिठाची गिरणी घरघरत होती. एक इस्त्रीवाला रेडिओशी वाद घालत होता. नळावर दोन बायका भांडत होत्या आणि तिसरी दोघींची बाजू घेत होती. गिरणीच्या वर, पहिल्या मजल्यावर 'खोली भाड्याने देणे आहे' अशी पाटी. जिन्यात काकांनी गडवा सोडला.

टण्ण!

"काय पडलं रे?" वरून.

"कोण पडलं?" समोरून.

"बंट्या, मेल्या, तूच असणार!" तिसऱ्या मजल्यावरून एक म्हातारी. आणि मागोमाग तीच म्हातारी कठड्यावरून वाकून, "लागलं का कुणाला?"

नळावरचं भांडणसुद्धा थांबलं. इस्त्रीवाला इस्त्री हातात घेऊनच जिन्यापाशी आला. काकांनी डोळे उघडले. ते भिजले होते, असं मला वाटलं, पण तिथे पीठ उडत होतं.

"घेतली," ते म्हणाले.

"खोली पाह्यली कुठं अजून?" करुणा ओरडली.

"पाह्याचं काय तिच्यात? खोलीले चार भिंती राह्यतात."

वरच्या म्हातारीनं आडनाव विचारलं नाही. तिनं विचारलं, पोरगी जेवली का. करुणानं मला बाजूला घेऊन सांगितलं की या गल्लीत राहून ती परीक्षेत नक्की नापास होणार आहे आणि त्याला जबाबदार मी असेन. मग रविवारी तिनं टेबल खिडकीला लावलं. संध्याकाळी काकांना गाडीत बसवताना ती फार बोलली नाही. त्यांचा मोबाइल मागून घेतला, त्यात काहीतरी केलं आणि परत खिशात ठेवला.

मे महिन्यात मी मानोऱ्याला गेलो. विहारात कार्यक्रम होता, भोंगा सांगायचा होता. भर दुपार. असं ऊन की कुत्री नालीतून उठत नाहीत. बाजार बंद, रस्ता ओस. काकांच्या घराजवळ आलो आणि थबकलो. आतून पिठाच्या गिरणीची घरघर येत होती.

आमच्या गल्लीत गिरणी नाही.

मी ऐकत उभा राहिलो. नळाचं पाणी. इस्त्रीवाल्याचा रेडिओ. "बंट्या, मेल्या!" दार लोटलेलं होतं, मी आत डोकावलो. काका जमिनीवर बसले होते, डोळे मिटून, मान डावीकडे. मोबाइलची वायर अॅम्प्लिफायरला आणि अॅम्प्लिफायरची लाकडी खोक्याला. आवाज अगदी बारीक ठेवलेला. पुण्याची अख्खी गल्ली त्या खोक्यात होती आणि तिच्या अलीकडे, खिडकीजवळ, वहीचं पान उलटल्याचा आवाज.

बनियन घामानं अंगाला चिकटलं होतं. डोक्यावरचा पंखा बंद.

"लाइट गेली का काका?" मी हळूच विचारलं.

काकांनी ओठावर बोट ठेवलं, पंख्याकडे बघितलं आणि हातानंच सांगितलं: तो आवाज करते.

मी पाय काढायला गेलो आणि दाराजवळचा गडवा लाथाडला.

टण्ण!

खोक्यातलं पान थांबलं.

"बाबा?" करुणाचा आवाज, चालू फोनवरून. "काय पडलं?"

काकांनी डोळे उघडले. मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं.

"काही नाही बाई. पत्रकवाला आला."

"त्याले म्हणा, डोळे उघडे ठेवून चाल." गिरणी घरघरत राहिली. मग, "बाबा, तुमचा पंखा आयकू येऊन नाही राह्यला."

काका चोरी पकडल्यासारखे माझ्याकडे बघायला लागले.

"लावा आधी. मले आयकू आला पायजे."

काका उठले. बटण दाबलं. आमच्याकडचे जुने पंखे कसे असतात, तुम्हाला माहीत आहे. खडखड करत तो सुरू झाला आणि गिरणी, नळ, रेडिओ, म्हातारी, सगळं त्याच्याखाली बुडून गेलं.

"आला का?" काकांनी मोबाइलकडे वाकून मोठ्यानं विचारलं.

"आला. आता बसा."

काका बसले. मला म्हणाले, भोंगा किती वाजता पायजे ते मंग सांग. आणि खोका जवळ ओढून त्यांनी त्याला कान लावला.