मेंढीमागे एक ताजा पुरुष

सोमवारी सकाळी गबनित युरोपीय संघाच्या ब्रसेल्समधल्या भाषांतर ऑफिसात कोट काढून बसते न बसते तोच आयर्लंडमधल्या तिच्या गावाहून टाइगकाकाचा फोन आला.

"पोरी, माझे पुरुष कुठायत?"

"कसले पुरुष, काका?"

"चाळीस. मेंढ्या चाळीस आहेत ना माझ्याकडे! तुमच्या नव्या कायद्यात कलम चौदा वाच. 'प्रत्येक मेंढीपुढे रोज सकाळी एक ताजा पुरुष ठेवण्यात यावा.' आज सकाळपासून मेंढ्या फाटकाकडे डोळे लावून बसल्यात."

गबनितच्या हातातली कॉफी तिथेच थांबली. आयरिश भाषेत 'फेर' म्हणजे गवत आणि 'फॅर' म्हणजे पुरुष. लिहिताना फरक फक्त एका तिरक्या रेघेचा. स्वराच्या डोक्यावर रेघ दिली की मेंढी चरते. नाही दिली की तिच्यापुढे पुरुष उभा राहतो. तिने घाईघाईने कलम चौदा उघडलं. रेघ नव्हती. आणि शेवटची तपासणी करणाऱ्याच्या जागी नाव तिचंच होतं.

चूक व्हायला मुहूर्त तरी कसला शोधला होता! येत्या शुक्रवारी ऑफिसातलं आयरिश टेबल, म्हणजे आयरिश भाषांतराचा विभाग, ठेवायचं की गुंडाळायचं याचा निकाल लागणार होता. चोवीस भाषांत कायदे लिहायचे, पण आयरिशमधले वाचतो कोण, असा वरच्यांचा सवाल होता. संकेतस्थळावर दर कायद्याला आयरिशमध्ये नेमका एक वाचक असल्याची नोंद दिसे. तो वाचक म्हणजे आपलंच काम पुन्हा बघणारी गबनित असणार, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. ती नाही म्हणाली तरी कोणी विश्वास ठेवत नव्हतं. गबनितचा या टेबलावर जीव होता. घरात चुलीपाशी बोलायची तिची भाषा इथे जर्मन-फ्रेंचच्या मांडीला मांडी लावून बसत होती.

आता गुपचूप ती रेघ मारून टाकावी, असं तिच्या मनात आलं. पण छापलेल्या कायद्याला टिंबसुद्धा चिकटवायचं तर शुद्धिपत्र काढावं लागतं. ती मुकाट्याने साहेबांपुढे जाऊन उभी राहिली.

व्हेंडेलिनसाहेब स्लोवाकियाचे. तीस वर्षं याच खात्यात. आधी कलम आठवायचं आणि मग बायकोचं नाव, असा माणूस.

"गबनितबाई, चूक आहे हे कशावरून?"

"साहेब, मेंढीला पुरुष कशाला लागेल?"

"ते मेंढीला विचारा. मूळ तहात काय म्हटलंय? सगळ्या भाषांतला मजकूर सारखाच अस्सल. म्हणजे तुमचा पुरुष आणि बाकीच्यांचं गवत, कायद्यापुढे दोघं समान."

"मग?"

"मग तेवीस टेबलांना विचारावं लागेल."

साहेबांनी लगेच पत्रक काढलं: 'आपल्या भाषेत मेंढीपुढे नेमके काय ठेवले आहे ते कळवावे.' दुपारपासून उत्तरं यायला लागली. डॅनिश टेबलाने विचारलं, वाळलेलं गवत धरायचं का? इटालियन टेबलाने कळवलं की आमच्याकडे कुरण आहे, पण जेवणाच्या सुट्टीनंतर बोलू. माल्टाच्या टेबलाला पुरुषाची किमान वयोमर्यादा हवी होती. हंगेरियन टेबलाने मात्र 'ताजा' म्हणजे किती तासांपर्यंतचा, असा मुद्दा काढला, आणि त्यावर उपसमिती बसली.

मंगळवारी काकाचा पुन्हा फोन. या वेळी मागे कोणाचा तरी आरडाओरडा ऐकू येत होता.

"काका, हे काय चाललंय?"

"काही नाही गं. मेंढ्या तपासायला इन्स्पेक्टर आलाय. मी म्हटलं, इंग्रजी कागद नको, आमच्या भाषेतला दाखव, हक्क आहे माझा. त्याने दाखवला. मग मी म्हटलं, एकोणचाळीस कमी पडतायत, पण सुरुवात तर झाली! घातला मेंढ्यांच्या वाड्यात नि लावली कडी."

"काका! त्याला सोड आधी!"

"सोडतो ना. उद्या शिळाच होणार आहे तो."

गावच्या रेडिओवर ही बातमी झळकली आणि बुधवारी साहेबांच्या टेबलावर येऊन पडली. त्यांनी गबनितला बोलावलं. संपलं आता सगळं, असं म्हणत ती आत गेली. साहेब उभे होते आणि त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता.

"गबनितबाई, हे काका कायदा वाचतात?"

"हो, साहेब."

"आयरिशमधून?"

"हो."

"शेवटपर्यंत? कलम चौदापर्यंत?"

"दिसतंय तर तसं."

साहेब धपकन खुर्चीत बसले. "अहो, म्हणजे तो एक वाचक तुम्ही नव्हेच! खराखुरा नागरिक आहे! शुद्धिपत्र जाऊ दे खड्ड्यात. शुक्रवारच्या आत मला त्यांचा जबाब हवा. वाचनाचे प्रयोजन, वाचकाच्या स्वतःच्या शब्दांत. तेवढं कागदावर आलं की तुमच्या टेबलाला कोणाचा बाप हात लावत नाही."

लगेच फोन लावला. स्पीकर चालू केला. साहेब पेन उघडून बसले. काका इंग्रजीत बोलायला तयार नाही आणि साहेबांना आयरिशचं ओ की ठो कळत नाही. मध्ये दुभाषी म्हणून गबनित.

"काका, साहेब विचारतायत, तू आमचे कायदे का वाचतोस?"

काका म्हणाला, "आता का म्हणजे? तुझं पत्र कुठे येतं? अकरा वर्षं झाली. फोनवर 'मजेत आहे' म्हणतेस नि ठेवून देतेस. मग मी ग्रंथालयातल्या बाईंना सांगून तुझे कायदे छापून आणतो. तू बरी असलीस की वाक्यं कशी ऐसपैस लिहितेस. गेल्या हिवाळ्यात तो मासेमारीचा कायदा आला ना, त्यात सगळी वाक्यं तुटकी. मी तुझ्या काकूला म्हटलं, पोरीचं काहीतरी बिनसलंय. आणि आता तर रेघच विसरलीस! तू? शाळेत मास्तरांच्या रेघा दुरुस्त करणारी? म्हणून फोन केला गं. पुरुष घेऊन मी काय करू? इन्स्पेक्टर आयता आला म्हणून जरा गंमत केली. तू बरी आहेस ना, तेवढं सांग."

अकरा वर्षांत गबनितने जाणूनबुजून एक स्वल्पविरामही इकडचा तिकडे केला नव्हता.

"काय म्हणाले?" साहेबांनी पेन सरसावलं.

"ते म्हणतात... त्यांना आपला कायदा फार आवडतो."

"एवढं सगळं बोलले, त्याचा अर्थ एवढाच?"

"आयरिश जरा पाल्हाळिक भाषा आहे, साहेब."

साहेबांनी ते सुवाच्य अक्षरांत लिहून घेतलं, खाली तारीख घातली आणि मग चष्म्यावरून वर पाहिलं.

"आणि तुम्ही का रडताय?"

"मलाही फार आवडतो, साहेब," गबनित म्हणाली.