बबन मिस्त्रींचं एकच क्रियापद

बबन मिस्त्रींना इंग्रजीतलं एकच क्रियापद येत होतं आणि त्यावर त्यांचा अख्खा कारभार चालायचा: सेट. कोन गावात ते आमचे शेजारी. भिवंडीच्या एका कारखान्यात लूम, म्हणजे यंत्रमाग, दुरुस्त करायचे. मी शाळेत इंग्रजी शिकवायचो, त्यामुळे या शब्दाचे हाल मला बघवत नसत.

बिघडलेला लूम सेट करायचा, हे ठीक. पण पुतण्याचं लग्न ठरलं, तेही सेट. जेवून ढेकर दिला की, "पोट सेट." एकदा माझा रेडिओ खरखरत होता, तर न विचारता उघडून बसले. "दोन मिंटात सेट करतो, मास्तर." रेडिओ कायमचा मुका झाला. वर मलाच विचारतात, "आता येते का खरखर?"

शेवटी चिडून मी जाडा शब्दकोश काढला. म्हटलं, शब्दाला ठरलेला अर्थ असतो, हे यांना दाखवूच. माझंच चुकलं. अर्थ संपेचनात. सूर्य मावळणं, हाड बसवणं, सापळा लावणं... दर अर्थाला मिस्त्री मांडीवर थाप मारत होते. "हा बी आपलाच!" मी कोश मिटला.

पुढे एका रविवारी ते कोरं आंतरदेशीय पत्र घेऊन आले. बायकोला लिहायचं होतं. ती भांडून दापोड्याला माहेरी गेली, त्याला चार वर्षं झाली होती. त्याबद्दल ते कधी बोलत नसत.

"दापोडं काय लांब आहे? स्वतः जा की," मी वैतागलो.

"गेल्तो, मास्तर. तीनदा. वेशीवरनंच परत आलो."

मी पेन उघडलं. "बोला, काय लिहू?"

चहा आला, निवला. मग ते हळूच म्हणाले, "लिवा, आता दारात नळ आलाय. तुला विहिरीवर जायला न्हाय लागनार."

"आणखी?"

"तिची कंबर दुखायची. मी हसायचो." त्यांनी पत्राकडे बोट केलं. "ते पन लिवा."

दहाबारा दिवसांनी सकाळी शाळेला निघालो, तर त्यांच्या दारात एक बाई नळाखाली हंडा भरत होती. उचलायला वाकली, तेवढ्यात मिस्त्री आतून धावत आले. हंडा खांद्यावर घेतला आणि घरात गेले.