मेल काही जाईना

चारकोपच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या गाळ्यात पंपांना लागणारे रबरी वायसर बनत, आणि त्या गाळ्याचं ऑफिस म्हणजे सुगंधाताई घाडीगावकर. बावीस वर्षं बिलं, फोन, कुरिअर सगळं त्यांच्या हाती. मालक परेशभाईंकडे उरायचं ते चहा पिणं आणि काळजी करणं.

त्या दिवशी सिन्नरच्या पंपांच्या कारखान्याला कोटेशन जायचं होतं. एकच्या आत, आणि कंपनीच्या मेलवरूनच. ऑर्डर वर्षभराची होती. मिळाली तर बंद पडलेलं दुसरं मशीन फिरणार होतं. सुगंधाताईंनी साडेअकराला 'सेंड' दाबलं. मेल आउटबॉक्समध्ये जाऊन बसला तो बसलाच.

"सुगंधाबेन, गेला काय?"

"जातोय, परेशभाई. जातोय."

कॉम्प्युटरवाल्या नंदूला फोन लावला, तर तो म्हणाला, "ताई, मी दहिसरला अडकलोय. चारला येतो. तोपर्यंत कशाला हात लावू नका."

हे शेवटचं वाक्य त्याने बोलायला नको होतं.

सुगंधाताईंनी आधी राउटर बंद करून चालू केला. परेशभाईंचा नवसारीच्या व्याह्यांशी चाललेला व्हिडिओ कॉल ऐन लग्नाच्या तारखेवर तुटला. राउटर पुन्हा सुरू झाला, नेट धावू लागलं, मेल मात्र हलेना. मग त्यांनी शेजारच्या गाळ्यातल्या लताला मेल टाकायला लावला.

"टाकला गं! आला का?" लता दारातून ओरडली.

"नाही आला."

"म्हणजे जात पण नाही, येत पण नाही? दोन्हीकडून वाट लागली ना यार!"

आता सुगंधाताईंचा पारा चढला. मेल जातोय का हे बघायला त्यांनी चाचणीचे मेल लिहायला घेतले. नवा पत्ता टाकत कोण बसणार? सिन्नरवाल्यांच्याच मेलला 'रिप्लाय' दाबायचा आणि विषयाच्या रकान्यात मनातलं लिहायचं. आधी 'गेलंस काय रे?' मग 'जा मेल्या'. मग 'मेल्या, आता जातंस की येव मी?' असे अकरा झाले. जाणार कुठे आहेत, या भरवशावर भाषा उत्तरोत्तर मोकळी होत गेली.

पावणेएकला त्या शांत झाल्या आणि पडद्यावरचं एकेक बटण वाचायला लागल्या. एक बटण दाबून ठेवल्यासारखं दिसत होतं. 'वर्क ऑफलाइन', म्हणजे मेलची ये-जा बंद. सकाळी आपण चालू कॉम्प्युटरचा माऊस फडक्याने खसाखसा पुसला होता, हे त्यांना तेव्हा आठवलं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि बटण हळूच दाबलं.

कोटेशन सुर्रकन गेलं.

"गेला! परेशभाई, गेला!" सुगंधाताई खुर्चीतून उठल्याच. नंदू नाही, कोणी नाही, आपण एकटीने! आणि मागे वळून बघतात तो कोटेशनच्या पाठोपाठ बाकीचे अकराही निघालेले. माऊस हाती येईपर्यंत आउटबॉक्स स्वच्छ.

दोन वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला.

"सिन्नरहून खरेदी विभागाचा कुंडलिक बोलतोय. मॅडम, तुमचे बारा मेल आले."

सुगंधाताईंनी डोळे मिटून घेतले. "हो साहेब."

"अहो, आज कोटेशनांचा नुसता ढीग पडलाय. वर सगळी तुमचीच रांग, म्हणून तुमचंच पहिलं उघडलं. भाव पटला, माल तर आम्ही वापरलेला आहे. साहेबांची सही झाली. पण विषयात ते 'जा मेल्या' कशाला हो?"

सुगंधाताईंनी पदर सावरला. "मेल पाठवताना म्हणतात, साहेब. आमच्या कोकणात."

"असं होय! छान, छान."

परेशभाईंनी मशीनवरच्या सगळ्या माणसांना बोलावून सांगितलं, "आपल्या सुगंधाबेनने एकटीने केला रिपेर!" टाळ्या पडल्या. सुगंधाताईंनी त्या मान ताठ ठेवून स्वीकारल्या. फडक्याचा विषय त्यांनी काढला नाही.

तीन वाजता पलीकडच्या अगरबत्तीच्या गाळ्यातली जान्हवी दारात आली. "ताई, कॉम्प्युटरचं बघणाऱ्या तुम्हीच ना? आमचा प्रिंटर सकाळपासून कागद गिळून बसलाय."

सुगंधाताईंनी आयुष्यात प्रिंटर उघडला नव्हता. त्यांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि शांतपणे विचारलं, "आधी सांग, कोणी हात नाही ना लावला?"