सावेसरांची लाल बरणी

"सहा दिवस! सहा दिवसांत हे लालभडक पाणी नितळ करून दाखवतो!" पालघरच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या रामनाथ सावेसरांनी सोमवारी स्टाफरूममध्ये जाहीर केलं. त्र्याऐंशी साल होतं. सालवडजवळच्या नाल्यात कारखान्यांचं रंगीत पाणी यायचं, आणि त्याच नाल्याच्या गाळात सरांना रंग खाणारे जंतू सापडले होते.

"रंग खातात? मग पान खाणाऱ्यांच्या तोंडात सोडा!" रसायनशास्त्राचे चुरीसर म्हणाले.

सरांनी काचेच्या बरणीत गाळ आणि नाल्याचं पाणी भरलं. प्रयोगशाळेची झाडलोट करणाऱ्या नर्मदाबाईंना बजावलं, "बाई, या बरणीत काही कमीजास्त झालं तर माझ्याशी गाठ आहे!"

मंगळवारी अकराला सर आले. पाणी लाल. बुधवारी लाल. गुरुवारी तर नव्या नवरीच्या शालूसारखं लालबुंद! सरांनी जंतूंना गूळ घातला, बरणीला गोधडी गुंडाळली. जंतू सासुरवाडीला आलेल्या जावयासारखे ढिम्म! चुरीसर रोज दारातून डोकावत, "जेवले का हो तुमचे पाहुणे?"

सरांना जेवण जाईना. शनिवारी त्यांच्या पीएचडीच्या मार्गदर्शक उषा चौबळ मुंबईहून येणार होत्या. विषय ठेवायचा की बदलायचा, तेव्हाच ठरणार होतं.

शनिवारी सर आठलाच पोचले, बरणी गुपचूप मोरीत ओतून टाकायला. बघतात तर पाणी नितळ! सरांनी टुणकन उडीच मारली. तेवढ्यात नर्मदाबाई लाल पाण्याचा डबा घेऊन आत आल्या आणि जागीच थिजल्या.

"हे काय, बाई?"

"सर, रागावू नका! रोज सकाली बगते तर रंग उडालेला! तुमी दम दिलेला. मी सालवडचीच, पैल्या दिशी परत जाऊन नाल्याचं पानी आनलं, मंग रोज येतानाच आनते. वरचं ओतते नि हे भरते."

"आणि गाळ?"

"त्याला हात नाय लावला! तो तुमचा हाय."

सर मटकन स्टुलावर बसले. पाच दिवसांत पाच बरण्या रंग! जंतूंनी नुसता फडशा पाडला होता!

अकराला मॅडम आल्या. सरांनी छाती फुगवून पाच बरण्यांचा हिशेब सांगितला.

"विषय पक्का!" मॅडम म्हणाल्या. "तोच गाळ ठेवून रोज नवं पाणी! सावे, हे सुचलं कसं?"

चुरीसरही कान टवकारून उभे. सरांनी घसा खाकरला आणि मोठ्या अभिमानाने नर्मदाबाईंना पुढे केलं.

"पद्धत यांची, मॅडम. बाई, सांगा, असं का केलंत?"

नर्मदाबाईंनी पदर सावरला.

"सर लय ओरडतात ना, म्हनून!"