ढोली चुकलेला नायक

एका जंगलात, बाळांनो, प्रेमात पडायचं तर आधी कुणाच्या तरी अंगावर पडावं लागत असे.

हसू नका. तिथला रिवाजच तसा होता. दर जत्रेला प्रेमाचं विनोदी नाटक व्हायचं आणि ते दर वेळी दादासाहेब धनेशच लिहायचे. मोठी चोच, मोठा आवाज, आणि सुचलेली गोष्ट एकच. नायिका फळं घेऊन वळणावरून येते. समोरून नायक येतो. धडक! फळं सांडतात. दोघं वाकतात. डोक्याला डोकं आपटतं. पडदा.

बावीस जत्रा हेच. गेल्या खेपेला नायक गवा होता आणि नायिका भेकर. नायिका अजून पाल्याचा लेप लावून पडली आहे.

पण म्हातारी मंडळी टाळ्या वाजवत, म्हणून तरुणांनाही तेच खरं वाटे. पाणवठ्याच्या वळणावर पोरंपोरी मुद्दाम डोळे मिटून चालत. कुणाला टेंगूळ आलं की घरात पेढे वाटत.

याच जंगलात झुंबर नावाची एक साळिंदरीण होती. ती वळणावर आली की वळण रिकामं होई. अंगभर काटे असलेल्या मुलीला धडकणार कोण?

ती गुरुकुलात होती तेव्हा दादासाहेबांनी निबंध दिला होता, ‘नायक-नायिकेची पहिली भेट’. सगळ्या वर्गाने धडक लिहिली. झुंबरने लिहिलं, ‘धडक झाली आणि नायक जागीच ठार झाला.’ तिला शून्य मिळालं.

“गुरुजी, मी साळिंदर आहे,” ती म्हणाली. “आमच्यात हेच होईल.”

“मग तुमच्यात प्रेम होत नसेल,” दादासाहेब म्हणाले.

वर्ग हसला. झुंबर उठली, काटे फुलवले आणि दाराबाहेर पडली ती परत गेलीच नाही.

तिच्या बापाने बरेच दिवस सहन केलं. मग म्हणाला, “हे बघ झुंबरे, नाटकं लिहिणार म्हणतेस ना? या जत्रेत तुझं नाटक लागू दे. नाही लागलं, तर सोमवारपासून गुपचूप गुरुकुलात. पहिल्या बाकावर. आणि दादासाहेबांची माफी मागायची.”

माफी! झुंबरची झोपच उडाली. नाटक बाकी सगळं लिहून झालं होतं. पहिली भेट तेवढी सुचत नव्हती. धडक नको हे तिला ठाऊक होतं. मग काय हवं, ते काही केल्या कळेना. म्हाताऱ्यांना शिव्या देणं सोपं असतं, बाळांनो. मीही तेच करतो. प्रवेश लिहिणं अवघड.

शेवटी ती दादासाहेबांच्या घरी गेली. म्हणजे काकूंकडे. धनेशांच्यात अंडी घालायची वेळ आली की बाई झाडाच्या ढोलीत शिरते, आतून चिखलाने दार लिंपून घेते आणि पिलं मोठी होईपर्यंत आतच राहते. बाहेर दिसते चोचीपुरती फट. नवरा दिवसभर उंबरं आणून त्या फटीतून भरवतो. काकू दोन महिने आत होत्या. गप्पांना आसुसलेल्या होत्या.

“काकू, तुमची आणि दादासाहेबांचीही धडकच झाली होती का हो?”

फटीतून एवढं मोठं हसू आलं की चिखलाचा पोपडाच गळाला.

“धडक कसली गं! यांच्या भावाचा पंख दुखावला होता. म्हणून वहिनीला भरवायचं काम यांच्याकडे आलं. आणि हे शहाणे चुकीच्या झाडावर! तीन दिवस माझ्या आईला उंबरं भरवत होते.”

“तुमच्या आई काही बोलल्या नाहीत?”

“उंबरं गोड होती. बोलतेय कशाला! बाबा तर खूश, त्यांचं काम निम्मं झालं. मी वरच्या फांदीवर बसून बघत होते. रोज भरवून झालं की हे फटीपुढे मान लववून म्हणायचे, ‘येतो हं वहिनी.’ चौथ्या दिवशी मला राहवेना. म्हटलं, ‘अहो, ढोली चुकली तुमची.’”

“मग?”

“मग काय! तोंडातलं उंबर खाली पडलं. तो चेहरा बघितला आणि ठरवलंच.”

“आणि वहिनी?”

“ती पलीकडच्या झाडातून तीन दिवस बोंबलत होती. अजून बोलत नाही यांच्याशी.”

झुंबर धावतच घरी गेली.

दुसऱ्या दिवशी काकूंच्याच झाडाखाली नाट्यसमिती बसली. समितीत दादासाहेब आणि एक कासवआजोबा, जे झोपायला येत. झुंबरने प्रवेश वाचला. ढोली, उंबरं, “येतो हं वहिनी,” सगळं. कासवआजोबा जागे झाले आणि पोट धरून हसले.

दादासाहेबांची चोच लालबुंद झाली.

“अशक्य! अवास्तव! असं कुठे घडतं का? कुठला मूर्ख धनेश तीन दिवस परक्या ढोलीत खाऊ घालील? धडक घाल, नाही तर सोमवारी वर्गात ये.”

झुंबर कागद गुंडाळू लागली. तेवढ्यात फटीतून आवाज आला.

“अहो, आधी उंबर द्या. आणि तो मूर्ख कोण, ते आजोबांना मी सांगू की तुम्ही सांगता?”

दादासाहेब फटीजवळ गेले. मान लववली. उंबर दिलं.

“बावीस जत्रा त्या धडकाच ऐकतेय मी,” काकू हळूच म्हणाल्या. “आपली भेट कधी लिहिणार होता?”

दादासाहेब बराच वेळ खोकत राहिले. मग झुंबरकडे न बघता म्हणाले, “मंजूर.”

नाटक असं चाललं की हसून हसून तरसाला उचकी लागली. झुंबरचं गुरुकुल टळलं.

आता पुढचं ऐका. पुढच्या वर्षी दादासाहेबांनी ‘चुकलेली ढोली: आपली थोर परंपरा’ यावर तीन तास भाषण दिलं. तरुण पोरं तोंडात उंबरं धरून दिसेल त्या ढोलीत कोंबू लागली. एका खारीच्या पोराने नागोबाला भरवलं. गुरुकुलात तो प्रवेश धड्याला लागला आणि निबंध तपासायला मोठ्या मानाने झुंबरला बोलावलं.

तीही गेली. पहिल्या बाकावर नाही, खुर्चीवर बसली.

एका मुंगसाच्या पोरीने लिहिलं होतं, दोघं पाणवठ्यावर भेटतात, दोघांनाही तहान लागलेली असते आणि पाणी कुणीच आधी पीत नाही.

झुंबरने दोनदा वाचलं. कपाळाला आठ्या घातल्या. शून्य दिलं आणि समासात लिहिलं, ‘यात ढोली कुठाय?’

तात्पर्य: बाळांनो, गाढवपणा करायचा तो तरुणपणीच उरकून घ्यावा. म्हातारपणी त्याचा नियम करून दुसऱ्यांना नापास करता येतं.