लेकरांसाठी गाव पाहिले, त्याची हकीकत

॥ श्री ॥ गणाधीशास नमन, शारदेस नमन, आणि ज्याचेवाचून देवादिकांचेही क्षणभर चालत नाही त्या वायुदेवास साष्टांग नमन करून हे वर्तमान लिहिले आहे. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, पौष मास, ते समयी राज्यात ऐसे जाहले की राजधानीवर धुराचे छत्र धरिले गेले आणि ते काही केल्या उतरेना. मोटारी बहुत, कारखाने बहुत, धड असलेली घरे पाडून त्या जागी उंच घरे बांधण्याचा उद्योग बहुत, आणि त्या सर्वांची धूळ एक होऊन लोकांचे गळ्यात उतरे. दरबारी मंडळी म्हणत, हवा उत्तम आहे, यंत्रेच खोटे बोलतात. मग रयत खोकत असे आणि खोकत खोकत कामास जात असे.

त्या राजधानीत चौथ्या मजल्यावर मंदारराव आणि त्यांची स्त्री शर्वरीबाई ऐसे जोडपे नांदत होते. मंदारराव घरीच संगणकापुढे बसून परमुलुखीच्या पेढ्यांची कामे करीत, आणि ते काम इंटरनेटची तार पोचेल त्या कोणत्याही गावी करिता येई. शर्वरीबाई शाळेत चित्रकला शिकवीत असत, परंतु थोरली कन्या जुई, वय वर्षे सात, तिचे छातीस दम्याने धरिले, तेव्हापासून नोकरी सोडून घरी राहिल्या. धाकटे चिरंजीव ओजस, वय वर्षे तीन, ते प्रकृतीने खणखणीत. जुईचे छातीत शीळ वाजे, आणि बाईंस त्या शिळेची ऐसी ओळख जाहली होती की स्वयंपाकघरात भांडी वाजत असता, बाहेर रस्त्यावर यंत्रे घरघरत असता, त्यांतून ती बारीक शीळ त्यांस ऐकू येई आणि हातातले टाकून त्या धावत. एके दिवशी डॉक्टर म्हणाले, "बाई, औषध मी देतोय, पण बाहेर पडली की ती पुन्हा तीच हवा घेतेय. मी किती पुरा पडणार? जमलं तर गाव बदला." घरी येऊन बाईंनी हे सांगितले, तेव्हा मंदारराव खिडकीपाशी जाऊन म्हणाले, "बदला म्हणे. आपल्याला गाव आहे कुठे?" ते खरेच होते. दोघांनी आपापल्या घरच्यांचे मन मोडून, जातीची वेस ओलांडून लग्न केले होते, त्यायोगे रावांचे गाव रावांस बंद आणि बाईंचे गाव बाईंस बंद. मग उभयतांची मसलत होऊन ठरले की आपले गाव नाही तर आपण गाव निवडावे; हवा बरी पाहावी, शाळा पाहावी, दवाखाना जवळ पाहावा. चैत्र लागताच लेकरांस मोटारीत घालून त्यांनी कूच केले.

प्रथम स्वारी कसबे दुधगोंदे येथे दाखल जाहली. कसबा टुमदार, शाळा नामांकित, दवाखाना हाकेच्या अंतरावर, आणि बाजारात जांभूळझाडाची सावली. शर्वरीबाईंनी शाळेच्या भिंतीवर मुलांनी काढलेली चित्रे पाहिली, आणि आपणही येथे शिकवू ऐसे त्यांच्या मनाने घेतले. अनंतराव म्हणोन एक गृहस्थ, त्यांचा वरचा मजला रिकामा होता. त्यांनी आदराने बसविले, चहा आणविला, लेकरांस राजगिऱ्याचे लाडू दिले आणि बोलता बोलता विचारिले, "आडनाव काय म्हणालात?" मंदाररावांनी सांगितले. अनंतराव प्रसन्न जाहले आणि बाईंकडे वळून म्हणाले, "आणि ताईंचं माहेरचं?" बाईंनी तेही सांगितले. खोटे सांगावे ऐसा विचार त्यांचे मनात येऊन गेला, परंतु जुई तोंडाकडे पाहत होती. अनंतरावांनी कप खाली ठेविला आणि म्हणाले, "असं होय. तसं आम्ही काही मानत नाही हो. आमच्या घरी सगळे येतात-जातात. फक्त आत्ताच आठवलं, पुतण्याची बदली होणार आहे इकडे. त्यालाच द्यावा लागेल मजला." मग आणखी दोन घरे पाहिली, परंतु मंडळी पोचण्याआधी बातमी पोचली होती, आणि दोन्ही ठिकाणी कोणी ना कोणी पुतण्या येणारच होता. परतताना मोटारीत जुईने विचारिले, "आई, त्या आजोबांना आपलं नाव आवडलं नाही का?" बाई म्हणाल्या, "तसं नाही गं. घर लहान होतं." जुई म्हणाली, "मोठं होतं." रावांनी मोटार हाकीत समोरच पाहणे पसंत केले.

तेथून घाट चढून मंडळी मोरपाणी गावी गेली. गाव डोंगराच्या कुशीत, ओढ्याचे पाणी काचेसारखे, आणि हवा ऐसी की पहिला श्वास घेताच शर्वरीबाईंचे डोळे भरून आले. सगुणा नामे एक बाई घरगुती खानावळ चालवीत असे, तिच्या पडवीत मुक्काम जाहला. तिसरे दिवशी सकाळी जुई उतारावरून धावली, पडली, उठली आणि पुन्हा धावली, आणि बाई कान देऊन उभ्या राहिल्या तर शीळ नाही. हसण्याचा आवाज तेवढा येत होता. बाईंनी त्याच क्षणी मनाने बिऱ्हाड केले, चूल कोठे मांडावी आणि लेकरांचे कपडे कोठे वाळत घालावे येथवर ठरविले. मग भाकऱ्या थापणाऱ्या सगुणेपाशी बसून त्या म्हणाल्या, "सगुणाताई, आम्ही इथेच यायचं म्हणतोय." सगुणेने तव्यावरची भाकरी उलटली आणि वर न पाहता म्हणाली, "नका येऊ, ताई." बाईंनी कारण विचारिले. "माझा पोरगा ह्या घाटात गेला. साप चावला होता. जीप मिळाली, डायवर बी चांगला होता, पण अर्ध्या घाटात त्याचं अंग गार पडलं. तुमच्या पोरीला दम लागला तर तुम्ही काय करणार? हवा चांगलीय, पण हवेनं पोरं वाचत नाहीत. आम्हाला जाता येत नाही म्हणून आम्ही हितं हाय. तुम्ही कशाला येता?" इतके बोलून तिने भाकरी ओजसच्या ताटात वाढिली आणि वर लोणी घातले. निघतेवेळी जुईने ओढ्यातून पाय काढण्यास बहुत रडारड केली, आणि बाईंनी तिला उचलून मोटारीत घातले तेव्हा आपण लेकराचा काही अपराध करीत आहोत ऐसे त्यांस वाटले.

मग तळवट. हे गाव एका टेकडीच्या पायथ्याशी, तालुक्याचा दवाखाना जवळ, सडक धड, तार पोचलेली. परंतु गावात तरणे माणूस नाही. सारे पोटासाठी राजधानीस गेलेले आणि मागे उरले ते म्हातारे. रंगनाथतात्या म्हणोन गावचे कारभारी, त्यांनी मोटारीतून दोन लेकरे उतरताना पाहिली आणि काठी टेकीत धावतच आले. बाईंनी आपण होऊन दोन्ही आडनावे सांगितली, की नंतर विटंबना नको. तात्या म्हणाले, "आडनाव घेऊन काय करू बाई? लेकरं आहेत ना बरोबर?" आणि मग गावाने जे केले ते लिहू म्हटल्यास लेखणी पुरत नाही. म्हाताऱ्या बायांनी लेकरांस ओवाळिले, कुलूप लागलेले घर झाडून दिले, शाळेच्या भिंतीस चुना लाविला. भिसे गुरुजी म्हणोन एकच शिक्षक, ते मुलांवाचून रिकाम्या वर्गात बसत आणि बदलीची वाट पाहत. त्यांनी जुईचे नाव पहिल्या ओळीत आणि ओजसचे बालवर्गात घातले. शर्वरीबाईंस वाटले की जगात आपली वाट पाहणारे एक गाव होते आणि तेच सापडले. ज्येष्ठ मासी बिऱ्हाड आले. पाऊसकाळ सुखाचा गेला. जुईचे गालावर रंग चढला, आणि खेळण्यास सवंगडी नव्हते तरी म्हातारेच सवंगडी जाहले. तात्या स्वतः लंगडी घालू पाहत आणि पडत. मंदारराव म्हणाले, "शर्वरी, जमलं गं आपल्याला." बाईंनी पुन्हा रंग बाहेर काढिले आणि शाळेच्या भिंतीवर मोठे झाड रंगविण्यास घेतले.

कार्तिकात एके दिवशी भर दुपारी टेकडीपलीकडून ऐसा धमाका जाहला की घराची कौले हलली आणि बाईंच्या हातून रंगाची वाटी सांडली. पाठोपाठ दुसरा, तिसरा. मग पांढरी धूळ टेकडीवरून गावात उतरली. बाईंनी गुरुजींस विचारिले. गुरुजी खाली पाहत म्हणाले, "खडीचा कारखाना आहे, बाई. पुरी टेकडी मागितली आहे त्यांनी. आपल्या राज्यात कायदा असा, की चालत्या शाळेजवळ टेकडी फोडायची नाही. पण मुलं नसतील तर शाळा बंद, आणि शाळा बंद तर…" त्यांनी टेकडीकडे बोट केले. "तुमची मुलं आली म्हणून अलीकडची बाजू वाचली. पलीकडची लांब पडते, ती त्यांना मिळाली."

बाई तशाच, रंगाने भरल्या हातांनी तात्यांच्या ओट्यावर गेल्या. तात्या शेंगा सोलीत होते. बाई म्हणाल्या, "तात्या, तुम्हाला माहीत होतं?" तात्या म्हणाले, "होतं." "जुईला दमा आहे, हेही माहीत होतं." "होतं, बाई." "मग सांगितलं का नाहीत?" तात्यांनी शेंगा बाजूस सारल्या आणि विचारिले, "सांगितलं असतं तर आला असतात?" बाई म्हणाल्या, "नसतो आलो." तात्या म्हणाले, "म्हणून नाही सांगितलं." त्यांनी एक शेंग उचलिली आणि न सोलिता ठेविली. मग तात्याच म्हणाले, "लेकरं दिसली की सरकार थांबेल, पुरी टेकडी सोडेल, असं वाटलं होतं. वाटायला काय लागतं. पण त्या पोरीवर आमचा जीव नाही, असं मात्र म्हणू नका." बाईंस संताप करावयाचा होता. आपल्या लेकरास ढाल करून टेकडीपुढे उभे केले, ऐसे ओरडून सांगावयाचे होते. परंतु म्हाताऱ्याचा चेहरा पाहून ते जमले नाही, कारण आपल्या लेकरासाठी आपणही कोणापासून काहीही लपविले असते हे त्यांस ठाऊक होते. जीव लाविला होता आणि फसविलेही होते. त्यांतील एकच काही खोटे असते तर बाईंस पुष्कळ सोपे गेले असते.

उभयतांनी दारे लाविली, फटींत ओली फडकी कोंबिली, तालुक्यास खेटे घातले, अर्ज दिले. अधिकारी म्हणाले, पलीकडची बाजू कायद्यात बसते, वाऱ्यास आम्ही काय करणार. मार्गशीर्षात वारा फिरला आणि जुईचे छातीत शीळ परतली. एके सकाळी प्रार्थना म्हणता म्हणता तिचे ओठ निळे पडले. गुरुजींनी तिला खांद्यावर घेऊन मोटारीपर्यंत धाव घेतली, आणि दवाखाना जवळ म्हणोन लेकरू वाचले. तिसरे दिवशी तोंडावरची नळी काढिली, तेव्हा तिने पहिला प्रश्न केला, "आता कुठलं गाव?" मंदारराव उठून बाहेर गेले. बाई तिचे केस सारखे करीत राहिल्या. मोठ्या डॉक्टरिणीने सांगितले की पुढील इलाज राजधानीसच, तेथे यंत्रे आहेत. ऐसे वर्ष सरता सरता पुन्हा राजधानी, पुन्हा चौथ्या मजल्यासारखाच एक मजला, पुन्हा तोच धूर. फरक इतकाच की आता कोठे जाऊ ऐसे म्हणावयास मनात एकही गाव उरले नाही.

तळवटाहून निघावयाचे दिवशी सारे गाव वेशीवर जमले होते. बायांनी लेकरांचे हातांत चिवडा, गूळ दिला. तात्या मोटारीच्या खिडकीशी आले आणि बोलू की न बोलू ऐसे करीत म्हणाले, "बाई, तोंड नाही मला मागायला. पण एक मागतो. लेकरांना घेऊन जा, नावं तेवढी ठेवून जा शाळेत. दाखला नेऊ नका. पटावर नावं असली तर शाळा राहील, शाळा राहिली तर ही बाजू राहील." मंदारराव चिडून म्हणाले, "अहो, अजून किती वापराल पोरांना?" तात्या मान खाली घालून म्हणाले, "नावाला धूळ लागत नाही, राव." शर्वरीबाईंनी मागे वळून पाहिले. म्हातारी माणसे उन्हात उभी होती, मागे शाळा, आणि तिच्यामागे टेकडीची धड राहिलेली बाजू हिरवी होती. बाई म्हणाल्या, "ठेवा." आणि मोटार चालू करावयास सांगितले.

एवंच काय, तर लेकरांसाठी गाव पाहिले: एकाने नाव विचारून दार लाविले, एकाने कळवळ्याने परत पाठविले, एकाने मिठी मारून घात केला, आणि राजधानीने काही न विचारता पुन्हा घशात धूर घातला. हल्ली जुईचे नाव राजधानीतल्या शाळेतही घातले आहे, परंतु प्रकृतीमुळे तेथे ती बहुतकरून गैरहजर असते. तळवट येथे मात्र भिसे गुरुजी रोज सकाळी रिकाम्या वर्गात उभे राहून दोन नावे पुकारितात, दाराशी बसलेले तात्या "हजर" म्हणतात, आणि गुरुजी तैसे मांडितात. जे जाहले ते लिहिले. ज्याचे घरी लेकरे असतील त्याने वाचावे, आणि आता कुठलं गाव, या जुईच्या प्रश्नाचे उत्तर सापडल्यास शर्वरीबाईंस कळवावे. इति.